एका लॅपटॉपवर तीन खात्यांच्या एसएसएच किल्ल्या

कामासाठी नवा लॅपटॉप हाती आला तेव्हा गिटहब या कोड ठेवणाऱ्या सेवेवरची माझी दोन खाती, एक वैयक्तिक आणि एक कार्यालयीन, आणि त्यांच्या जोडीला गिटलॅब या तशाच सेवेवरचे एक खाते, अशी तीन खाती त्यावर चालती करायची होती. जुन्या यंत्रावर हा सारा व्यवहार एचटीटीपीएसच्या पत्त्यांवरून आणि टोकनच्या, म्हणजे सेवेने करून दिलेल्या लांब गुप्त अक्षरओळीच्या, आधारे चालत असे. गिटहबने १३ ऑगस्ट २०२१ पासून गिटच्या, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाच्या, कामांसाठी खात्याचा पासवर्ड स्वीकारणे बंद केले, तेव्हा मी पासवर्डच्या जागी टोकन चिकटवून काम पुढे चालू ठेवले होते. टोकनमध्ये मुळात वाईट काही नाही. पण त्याची मुदत नेमकी गडबडीच्या वेळी संपते, ते करताना कोणकोणते अधिकार दिले होते हे पुढे आठवत नाही, आणि शेवटी ते एक गुपित असते जे प्रत्येक वेळी सर्व्हरच्या हवाली करावे लागते. एसएसएच किल्लीच्या पद्धतीत गुपित आपल्या यंत्राबाहेर पडतच नाही. या एका कारणासाठी यावेळी तिन्ही खात्यांकरिता एसएसएच वापरायचे ठरवले.

एसएसएच ही मुळात दूरच्या संगणकावर सुरक्षितपणे लॉगिन करण्याची सोय. हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरून वाचण्याचा प्रकार घडला, आणि त्यावर उपाय म्हणून तातू यलोनेन यांनी १९९५ मध्ये ती लिहिली. आज बहुतेक यंत्रांवर सापडते ते ओपनबीएसडी प्रकल्पातून १९९९ मध्ये बाहेर आलेले ओपनएसएसएच. लिनक्स आणि मॅकओएसवर ते आधीपासूनच असते आणि विंडोज १० मध्येही २०१८ पासून ते येते, त्यामुळे वेगळे काही उतरवून घेण्याची गरज पडली नाही.

कोड ठेवणाऱ्या सेवा ही सोय थोड्या वेगळ्या रीतीने वापरतात, आणि ती रीत आधी समजून घेतली तर पुढचे निम्मे घोटाळे टळतात. एरवी एसएसएचने कुठे जोडायचे असेल तर आपण आपले वापरकर्तानाव सांगतो. गिटहब, गिटलॅब किंवा बिटबकेटला जोडताना मात्र जगातला प्रत्येक जण ‘गिट’ या एकाच नावाने जोडला जातो. रिपॉझिटरीच्या, म्हणजे प्रकल्पाच्या कोडसंग्रहाच्या, पत्त्यात @ या चिन्हाच्या आधी ‘गिट’ लिहिलेले असते ते यामुळेच. मग आपण कोण, हे सर्व्हरला कळते ते केवळ किल्लीवरून. किल्ली ही खरे तर फाइलींची जोडी असते: सार्वजनिक किल्ली सेवेकडे नोंदवायची आणि खासगी किल्ली आपल्या यंत्रावरच ठेवायची. आपण पुढे केलेली सार्वजनिक किल्ली सर्व खात्यांच्या नोंदींत शोधली जाते, ज्या खात्यात ती सापडेल ते खाते आपले मानले जाते, आणि तिची खासगी जोडी आपल्याकडे खरोखर आहे एवढे सहीवरून पडताळले जाते. साहजिकच एकच सार्वजनिक किल्ली गिटहबवरच्या दोन खात्यांत नोंदवता येत नाही. दुसऱ्या खात्यात ती चिकटवायला गेले की ‘की इज ऑलरेडी इन यूज’ असे उत्तर मिळते. दोन खात्यांना दोन किल्ल्या लागणार, हे त्यामुळे आपोआप ठरले.

गिटलॅब ही स्वतंत्र सेवा असल्यामुळे तिथे या दोहोंपैकी एखादी किल्ली पुन्हा चालली असती. तरीही मी तिसरी बनवली, आणि त्यामागे एक कारण आहे जे फारसे कोणी सांगत नाही. गिटहबवरच्या कोणत्याही खात्याच्या पत्त्यापुढे टिंब देऊन ‘कीज’ असे लिहिले, की त्या खात्याच्या सार्वजनिक किल्ल्या कोणालाही पाहता येतात. गिटलॅबवरही तसेच आहे. त्यात धोका असा नाही, कारण सार्वजनिक किल्ली उघड असावी अशीच योजना आहे. पण एकच किल्ली दोन सेवांवर असेल तर ती दोन खाती एकाच व्यक्तीची आहेत हे कोणीही जुळवून सांगू शकतो. माझ्याकडे लपवण्यासारखे काही नसले तरी कार्यालयीन आणि वैयक्तिक ओळख अशी आपसूक जोडली जावी, हे मला पटत नाही.

जुन्या लॅपटॉपवरच्या ‘डॉट एसएसएच’ या फोल्डरमध्ये सर्व्हरवर जाण्यासाठी केव्हातरी बनवलेली आरएसए या प्रकारची एक किल्ली होती. ती उचलून इकडे आणणे सोपे होते, पण मी ते मुद्दाम टाळले. प्रत्येक यंत्राची किल्ली वेगळी असली, तर एखादे यंत्र हरवल्यावर किंवा विकताना तेवढीच एक नोंद काढून टाकता येते आणि बाकीच्या यंत्रांवरचे काम अडत नाही. शिवाय खासगी किल्लीची फाइल एकदा पेन ड्राइव्हवर किंवा मेलमध्ये गेली, की तिच्या प्रती कुठे कुठे राहिल्या याचा हिशेब ठेवता येत नाही.

किल्ली बनवण्याचे प्रत्यक्ष काम टर्मिनलमधल्या ‘एसएसएच-कीजेन’ या कमांडने होते. तिला लहान टी या पर्यायाने किल्लीचा प्रकार, एफ या पर्यायाने फाइलचे नाव आणि मोठ्या सी या पर्यायाने एक टीप द्यायची. प्रकार म्हणून मी तिन्ही वेळा ईडी२५५१९ निवडला. हा प्रकार ओपनएसएसएचमध्ये २०१४ पासून आहे आणि २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या ९.५ या आवृत्तीपासून प्रकार न सांगितल्यास हाच गृहीत धरला जातो. आरएसए बाद झालेली नाही. ४०९६ बिटांची आरएसए किल्ली आजही सगळीकडे चालते. पण तिची सार्वजनिक बाजू सातशेहून अधिक अक्षरांची होते, तर ईडी२५५१९ ची अवघ्या ६८ अक्षरांत मावते, आणि सही करण्याचे कामही चटकन होते. डीएसए हा जुना प्रकार मात्र आता विसरावा; गिटहबने २०२२ मध्येच त्याला निरोप दिला.

तीन किल्ल्यांच्या सार्वजनिक फाइली एकाखाली एक उघडल्या तेव्हा एक गंमत दिसली. तिन्ही ओळींत प्रकाराच्या नावानंतरचा मजकूर रोमन ए या मोठ्या अक्षराच्या चार आवर्तनांनी सुरू होत होता आणि त्याची पहिली पंचवीस अक्षरे तंतोतंत सारखी होती. याचे कारण सरळ आहे: त्या अक्षरांच्या सांकेतिक मांडणीत सुरुवातीला किल्लीच्या प्रकाराचे नाव आणि लांबी दडलेली असते, आणि खरी किल्ली त्यानंतर सुरू होते. म्हणून दोन किल्ल्या एकच आहेत का हे पाहायचे असेल तर ओळीची सुरुवात पाहून उपयोग नाही. शेवट पाहावा, किंवा त्याहून बरे म्हणजे ‘एसएसएच-कीजेन’ला एल हा पर्याय देऊन फिंगरप्रिंट, म्हणजे किल्लीवरून निघणारी छोटी ओळखखूण, काढावा. ओळीच्या अगदी शेवटी असते ती आपण दिलेली टीप. अनेक ठिकाणी तिथे ईमेल लिहायला सांगतात, पण सर्व्हर त्या ईमेलशी काहीही पडताळत नाही; ती केवळ माणसाला ओळख पटावी म्हणून असते. मी तिथे यंत्राचे नाव, खात्याचे नाव आणि वर्ष लिहिले, आणि नोंदी तपासताना ते उपयोगी पडले.

किल्लीचे सारे बळ ती बनवताना वापरलेल्या यादृच्छिक आकड्यांत असते, ही गोष्ट पुस्तकी वाटते खरी, पण तिचे एक प्रत्यक्ष उदाहरण आहे. सप्टेंबर २००६ ते मे २००८ या काळात डेबियन या लिनक्सच्या एका वितरणातल्या ओपनएसएसएल या कूटलेखनाच्या पॅकेजमधल्या एका बदलामुळे यादृच्छिकतेचा स्रोत इतका आटला होता की एका प्रकारच्या आणि एका लांबीच्या किल्ल्या फक्त ३२,७६८ तऱ्हांच्या निघू शकत होत्या. तेवढ्या सगळ्या आधीच बनवून ठेवणे कोणालाही जमण्यासारखे होते. जुन्या यंत्रावरच्या जुन्या किल्ल्या वर्षानुवर्षे सोबत वागवू नयेत, असे मला वाटते ते अशा प्रकारांमुळेच.

‘एसएसएच-कीजेन’ची कमांड दिल्यावर पासफ्रेज, म्हणजे खासगी किल्लीच्या फाइलीला लावायचा पासवर्ड, विचारला जातो. तो टंकताना पडद्यावर अक्षर काय, तारासुद्धा उमटत नाही, त्यामुळे पहिल्यांदा करणाऱ्याला कळफलक चालत नसल्याचा भास होतो. नुसते एंटर दाबून पुढे जाता येते आणि अनेक जण तसेच करतात. पण पासफ्रेज नसलेली खासगी किल्ली म्हणजे ज्याच्या हाती फाइल त्याच्या हाती खाते, हे उघड आहे. पासफ्रेज दिला की ती फाइल डिस्कवर कूटबद्ध राहते. पुढे तो बदलावासा वाटला तर ‘एसएसएच-कीजेन’ला लहान पी हा पर्याय देऊन बदलता येतो, आणि तसे केल्याने सार्वजनिक किल्ली बदलत नाही, म्हणजे सेवांवर पुन्हा काही नोंदवावे लागत नाही. मी तिन्ही किल्ल्यांना पासफ्रेज दिले.

सार्वजनिक किल्ली खात्यात नोंदवण्याचे काम सर्वांत सोपे. ‘पब’ या शेपटाची फाइल उघडायची, ती एक ओळ पूर्ण उचलायची आणि सेटिंग्जमधल्या एसएसएच किल्ल्यांच्या पानावर चिकटवायची. काही संपादक लांब ओळ मोडून दाखवतात आणि उचलताना मध्ये खरोखरच नवी ओळ शिरते, म्हणून मी ती कमांडनेच थेट क्लिपबोर्डवर घेतली. गिटहब तिथे विचारते की ही किल्ली ओळख पटवण्यासाठी आहे की सहीसाठी. गिटलॅब त्याखेरीज मुदतीची तारीखही मागते.

त्यानंतर जोडणी तपासण्यासाठी ‘एसएसएच’ला मोठी टी हा पर्याय देऊन गिटहबचा पत्ता दिला, आणि तो सुप्रसिद्ध प्रश्न समोर आला: या सर्व्हरची सत्यता पटवता येत नाही, त्याचा फिंगरप्रिंट असा असा आहे, पुढे जायचे का? इथे जवळपास सगळे जण ‘येस’ लिहून मोकळे होतात. मला हा प्रश्न या साऱ्या प्रक्रियेतला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण आपली ओळख सर्व्हरला पटवण्याची तयारी आपण इतका वेळ करत असतो, आणि सर्व्हरची ओळख आपल्याला पटण्याची ही एकमेव घडी असते. एकदा ‘येस’ म्हटले की ती किल्ली ‘नोन होस्ट्स’ नावाच्या फाइलमध्ये लिहिली जाते आणि पुन्हा कोणी विचारत नाही.

समजा मध्येच कोणीतरी तोतया सर्व्हर म्हणून उभा राहिला, तर काय होईल? आपली खासगी किल्ली त्याला मिळणार नाही, आणि आपली सही घेऊन तो खऱ्या गिटहबकडे आपल्या नावाने जाऊही शकणार नाही, कारण ती सही त्या एका जोडणीच्या ओळखक्रमांकाशी बांधलेली असते. पण तो आपली किल्ली ‘मान्य’ करून आपण पुश केलेला, म्हणजे सर्व्हरकडे पाठवलेला, कोड स्वतःकडे घेऊ शकतो, आणि आपण पुल करू, म्हणजे सर्व्हरकडून कोड घेऊ, तेव्हा हवा तो कोड आपल्या हाती देऊ शकतो. म्हणून पडद्यावरचा फिंगरप्रिंट मी गिटहबच्या दस्तऐवजात छापलेल्या फिंगरप्रिंटशी ताडून पाहिला. ईडी२५५१९ साठीचा त्यांचा फिंगरप्रिंट अधिकच्या चिन्हाने सुरू होतो, त्यामुळे तो लगेच नजरेत भरतो. पण केवळ सुरुवात न पाहता तो पूर्णच जुळवावा. हल्लीच्या ओपनएसएसएचमध्ये याहून चांगली सोय आहे: प्रश्नाला ‘येस’ असे उत्तर देण्याऐवजी दस्तऐवजातून उचललेला फिंगरप्रिंटच तिथे चिकटवायचा, आणि तो जुळला तरच जोडणी पुढे जाते. डोळ्यांवर भार टाकण्यापेक्षा मी हाच मार्ग घेतला. गिटलॅबच्या बाबतीतही तेच केले.

‘नोन होस्ट्स’ या फाइलीचे महत्त्व २४ मार्च २०२३ रोजी बऱ्याच लोकांना अचानक कळले होते. गिटहबच्या सर्व्हरची आरएसए खासगी किल्ली एका सार्वजनिक रिपॉझिटरीत थोडा वेळ उघडी पडल्याचे लक्षात आल्यावर त्यांनी ती बदलली, आणि ज्यांच्या ‘नोन होस्ट्स’मध्ये जुनी आरएसए किल्ली नोंदलेली होती त्यांना ‘रिमोट होस्ट आयडेंटिफिकेशन हॅज चेंज्ड’ असा मोठ्या अक्षरांतला इशारा दिसू लागला. ज्यांच्याकडे ईडी२५५१९ किंवा ईसीडीएसए प्रकारची नोंद होती त्यांना काहीच जाणवले नाही. असा इशारा आला तर आधी सेवेने तसे जाहीर केले आहे का हे पाहावे, नवा फिंगरप्रिंट ताडावा आणि मगच ‘एसएसएच-कीजेन’ला मोठा आर हा पर्याय देऊन जुनी नोंद काढावी. इशारा गप्प करण्यासाठी तपासणीच बंद करून टाकण्याचा सल्ला जागोजागी सापडतो. तो कोणी पाळू नये.

फिंगरप्रिंट जुळल्यावर गिटहबने माझ्या खात्याचे नाव घेऊन ‘हाय’ म्हटले, ओळख पटल्याचे सांगितले आणि आपण शेल, म्हणजे कमांड चालवण्याची जागा, देत नाही असेही त्याच वाक्यात कळवले. हे उत्तर यशाचे असले तरी कमांड बाहेर पडताना शून्याऐवजी एक हा संकेत देते, कारण शेल मिळालेले नसते. एखाद्या स्क्रिप्टमध्ये ही तपासणी घालणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे, नाहीतर सगळे सुरळीत असताना स्क्रिप्ट मात्र अपयश नोंदवत राहील. या उत्तरातले खात्याचे नाव हाच इथे कामाचा भाग आहे. किल्ली चालली का, यापेक्षा कोणत्या खात्याची किल्ली चालली, हे त्यातून कळते.

पासफ्रेज दर वेळी टंकणे कंटाळवाणे होते, त्यावर उपाय म्हणजे ‘एसएसएच-एजंट’. हा एक पार्श्वभूमीत चालणारा प्रोग्रॅम असतो. ‘एसएसएच-ॲड’ने किल्ली एकदा त्याच्या स्वाधीन केली आणि पासफ्रेज दिला, की सत्र संपेपर्यंत सह्या तोच करतो. मॅकओएसवर पासफ्रेज कीचेनमध्ये ठेवण्याची सोय आहे. विंडोजवर मात्र एक खाचखळगा आहे: गिटच्या स्थापनेबरोबर एक वेगळे एसएसएच येते आणि विंडोजचे स्वतःचेही असते, त्यामुळे किल्ली एका एजंटमध्ये आणि गिट विचारते दुसऱ्याला, असे होऊ शकते. सहकाऱ्याच्या यंत्रावर हे मी पाहिले. टर्मिनलमधली तपासणी बिनचूक होत होती आणि क्लोन, म्हणजे रिपॉझिटरीची प्रत उतरवून घेणे, मात्र नाकारले जात होते. गिटला कोणते एसएसएच वापरायचे ते ‘कोअर.एसएसएचकमांड’ या सेटिंगमधून सांगितल्यावर दोन्ही एका वाटेवर आले.

आता खरी कसोटी. तिन्ही किल्ल्या एजंटमध्ये होत्या, तिन्हींची नोंदणी झाली होती, आणि कार्यालयीन रिपॉझिटरी क्लोन करताना उत्तर आले ‘रिपॉझिटरी नॉट फाउंड’. रिपॉझिटरी तर ब्राउझरमध्ये समोर दिसत होती. या संदेशाने भलभलत्या दिशांना जायला होते, पण त्यामागचा विचार रास्त आहे: ज्या खात्याला खासगी रिपॉझिटरी पाहण्याचा अधिकार नाही, त्याला ती अस्तित्वात आहे हेसुद्धा गिटहब सांगत नाही. म्हणजे सर्व्हरने मला ओळखले होते, फक्त भलत्याच खात्याच्या नावाने.

नेमके काय घडते ते पाहण्यासाठी तपासणीची कमांड लहान व्ही हा पर्याय देऊन पुन्हा चालवली. त्यातून निघणाऱ्या लांबलचक मजकुरात कामाच्या दोनच ओळी असतात: ‘ऑफरिंग पब्लिक की’, म्हणजे आपण कोणती किल्ली पुढे केली, आणि ‘सर्व्हर ॲक्सेप्ट्स की’, म्हणजे कोणती स्वीकारली गेली. माझ्या एजंटने सर्वांत आधी वैयक्तिक खात्याची किल्ली पुढे केली होती. ती गिटहबला ठाऊक असल्यामुळे त्याने तिथेच होकार दिला, आणि कार्यालयीन किल्लीची पाळी आलीच नाही. सर्व्हरच्या बाजूने पाहिले तर त्यात काहीही चूक नाही. पुढच्या रिपॉझिटरीसाठी मला कोण म्हणून वावरायचे आहे, हे त्या क्षणी त्याला कळण्याचा मार्गच नसतो.

हा निर्णय आपल्या बाजूने घ्यायचा असतो, आणि त्याची जागा म्हणजे ‘डॉट एसएसएच’ फोल्डरमधली ‘कॉन्फिग’ ही फाइल. तिच्यात मी गिटहबसाठी दोन होस्ट लिहिले. पहिला गिटहबच्या खऱ्या नावाचा, त्याखाली ‘आयडेंटिटीफाइल’ म्हणून वैयक्तिक किल्लीचा मार्ग. दुसऱ्याला ‘गिटहब-काम’ असे मनाचे नाव दिले, त्याखाली ‘होस्टनेम’ या शब्दापुढे गिटहबचा खरा पत्ता आणि ‘आयडेंटिटीफाइल’ म्हणून कार्यालयीन किल्ली. मग कार्यालयीन रिपॉझिटरीच्या पत्त्यात गिटहबच्या जागी ‘गिटहब-काम’ लिहायचे. आधी क्लोन केलेल्या रिपॉझिटरीत ‘गिट रिमोट सेट-यूआरएल’ने पत्ता बदलायचा. हे टोपणनाव फक्त आपल्या यंत्रावर असते, त्यामुळे पत्ता कोणाला पाठवताना तो जसाच्या तसा पाठवू नये.

बहुतेक मार्गदर्शक इथे थांबतात, पण एवढ्याने काम होईलच असे नाही. ‘आयडेंटिटीफाइल’ लिहिले म्हणून एजंटमधल्या इतर किल्ल्या पुढे केल्या जाणे थांबत नाही. त्यासाठी त्याच होस्टखाली ‘आयडेंटिटीजओन्ली येस’ ही ओळ हवी. तिचा अर्थ, इथे लिहिलेलीच किल्ली दाखव, बाकीच्या असल्या तरी. ही ओळ घातल्यावर तपशिलाच्या मजकुरात एकच किल्ली पुढे झालेली दिसली आणि ‘हाय’च्या पुढे कार्यालयीन खात्याचे नाव आले. या ओळीचा आणखी एक फायदा आहे. एजंटमध्ये किल्ल्या वाढत गेल्या की नको त्या सर्व्हरलाही त्या एकामागून एक दाखवल्या जातात, आणि ओपनएसएसएचचा सर्व्हर साधारणपणे सहा प्रयत्नांनंतर ‘टू मेनी ऑथेंटिकेशन फेल्युअर्स’ म्हणून दार लावून घेतो, जरी सातवी किल्ली योग्य असली तरी.

याच फोल्डरबाबत एक गोष्ट ओघात सांगायला हवी. फोल्डरचे परवाने ७०० आणि खासगी किल्लीचे ६०० असावेत, म्हणजे मालकाखेरीज कोणालाही ते वाचता येऊ नयेत. खासगी किल्लीचे परवाने सैल असतील तर एसएसएच ती किल्ली वापरायलाच नकार देते. ‘एसएसएच-कीजेन’ने बनवलेल्या फाइलींना हे परवाने आपोआप मिळतात, अडचण येते ती हाताने आणून ठेवलेल्या फाइलींना.

पुश यशस्वी झाला तरी एक गफलत शिल्लक राहू शकते, आणि ती दोन खाती वापरणाऱ्यांना हमखास गाठते. किल्लीवरून ठरते ते पुश कोणत्या खात्याच्या अधिकाराने झाला एवढेच. कमिटवर, म्हणजे बदलांच्या प्रत्येक नोंदीवर, जे नाव आणि ईमेल उमटते ते गिटच्या सेटिंगमधून येते आणि त्याचा किल्लीशी काडीचाही संबंध नसतो. त्यामुळे कार्यालयीन किल्लीने पुश केलेल्या कमिटवर वैयक्तिक ईमेल सहज जाऊ शकतो, आणि एकदा तो इतिहासात गेला की काढणे जिकिरीचे असते. यासाठी मी कामाच्या सगळ्या रिपॉझिटरी एका फोल्डरखाली ठेवल्या आणि गिटच्या मुख्य कॉन्फिगमध्ये ‘इन्क्लूडइफ’ वापरून सांगितले की या फोल्डरखाली असशील तर दुसरी कॉन्फिग फाइलही वाच, जिच्यात कार्यालयीन ईमेल लिहिलेला आहे. ही सोय गिटमध्ये २०१७ पासून आहे. त्याच फाइलमध्ये सहीची किल्लीही सांगितली, कारण गिटच्या २.३४ या आवृत्तीपासून कमिटवर एसएसएच किल्लीनेही सही करता येते. मात्र गिटहबवर सहीसाठी तीच किल्ली वेगळी, दुसऱ्यांदा नोंदवावी लागते. ओळख पटवण्यासाठीची नोंद सहीला चालत नाही.

काही नेटवर्कांवर एसएसएचचे २२ क्रमांकाचे पोर्ट बंद असते, आणि तिथे कमांड काहीच न बोलता बराच वेळ लटकून राहते. नकार येणे आणि उत्तरच न येणे यांतला फरक इथे ओळखावा: नकार आला तर दोष किल्लीत शोधावा, उत्तरच आले नाही तर वाटेत. अशा ठिकाणांसाठी गिटहब ४४३ या पोर्टवरही एसएसएच स्वीकारते, पण त्यासाठी होस्टनेम बदलून गिटहबच्या आधी ‘एसएसएच’ आणि टिंब लिहावे लागते. गिटलॅबवर त्याच जागी ‘आल्टएसएसएच’ येते. कॉन्फिगमध्ये होस्टनेम आणि पोर्ट या दोन ओळी बदलल्या की रिपॉझिटरींच्या पत्त्यांना हात लावावा लागत नाही. नाव आणि पोर्ट नवे असल्यामुळे फिंगरप्रिंटचा प्रश्न पुन्हा विचारला जातो, आणि परक्या नेटवर्कवर विचारलेला हा प्रश्न तर अधिकच काळजीपूर्वक पाहावा.

शेवटी तिन्ही खात्यांच्या किल्ल्यांच्या याद्या उघडून बसलो. गिटहब प्रत्येक किल्लीपुढे तिचा फिंगरप्रिंट, ती केव्हा नोंदवली आणि शेवटी केव्हा वापरली गेली हे दाखवते, आणि वर्षभर न वापरलेली किल्ली स्वतःहून काढूनही टाकते. वैयक्तिक खात्यात नुसते ‘लॅपटॉप’ एवढेच शीर्षक असलेल्या दोन जुन्या नोंदी निघाल्या. जुन्या यंत्रावर जाऊन तिथल्या सार्वजनिक फाइलीचा फिंगरप्रिंट काढला, तो एका नोंदीशी जुळला. दुसरी कोणत्याच हाताशी असलेल्या यंत्राची नव्हती. दोन्ही काढल्या. किल्ल्या काढल्याने टोकन रद्द होत नाहीत, त्यांची यादी वेगळ्या पानावर असते, म्हणून जुन्या यंत्राची टोकनही तिथून रद्द केली. गिटलॅबवरच्या किल्लीला एक वर्षाची मुदत ठेवली आहे आणि ती संपण्याच्या दोन आठवडे आधीची तारीख दिनदर्शिकेत नोंदवून ठेवली आहे, म्हणजे नवी किल्ली जुनी बंद पडण्याआधी नोंदवता येईल.